रामा दोनदा कसा वारला?

‘ताई, कुणबी नोंद शोधताना चुलतभावाला पणजोबांच्या नावाची कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतली, पानं मिळाली. दाखल्याचं काम झालं. पण मोडी वाचणाऱ्या काकांनी सगळ्याच नोंदी बाळबोधीत उतरवून दिल्या आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. १९०५ ते १९२० या काळात पणजोबांना आठ मुलं झाली, त्यातली सहा गेली. पहिला मुलगा आठ दिवसांचा, नावसुद्धा नाही. दुसरी मुलगी देवीने. ऑक्टोबर १९१८ मध्ये चार दिवसांत दोन. शेवटचा धोंडी वर्षाचा होऊन हगवणीने. रामा नावाचा मुलगा १९१० मध्येही मेला आहे आणि १९१८ मध्येही, ही वाचणाऱ्याची चूक का? जगले ते माझे आजोबा दगडू आणि त्यांची एक बहीण. एक गेलं की वर्षा-दीड वर्षात पुढचं हजर. त्या लोकांना काही वाटतच नव्हतं का? जगलेल्या मुलाचं नाव तरी दगडू का ठेवावं?

भाऊ वंशावळीची फ्रेम करतो आहे. त्यात फक्त मोठे झालेले घेणार, आणि आजोबांचं नाव “दत्तात्रय” छापणार. कुणी तरी त्याला सांगितलं की हा पितृदोष आहे, त्र्यंबकला नारायण नागबळी करा. मला पाचवा महिना आहे. सासूबाई म्हणतात, असले कागद पोटुशीने बघू नयेत. थोरली आत्या ८४ वर्षांची आहे, पणजीजवळ वाढलेली. तिला विचारावं की जखम उकरू नये?

— जुन्नर तालुक्यातली एक पणती’

प्रिय पणती,

रामापासून सुरुवात करते, कारण तुझ्या बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्याच्याच नावात आहेत.

वाचणाऱ्याची चूक नाही. मोडीत चुका होतात, मी स्वतः पन्नाशीनंतर मोडी शिकले आणि ‘भिवा’चा ‘शिवा’ केलेला आहे. पण इथे रामा दोन होते. तू पत्रासोबत पाठवलेल्या पानांत तुझ्या पणजोबांची नोंद ‘नारायण बिन रामजी’ अशी आहे, म्हणजे रामजी हे पोरांच्या आजोबांचं नाव. आजोबांचं नाव नातवाला द्यायचं ही आपली जुनी रीत. पहिला मुलगा बारशापर्यंत पोचलाच नाही, म्हणून १९०९ च्या मुलाला ते नाव मिळालं. तो आठ महिन्यांचा होऊन गेला.

आता पुढचं नाव बघ. १९११ मध्ये मुलगा झाला तेव्हा आजोबांचं नाव रिकामंच होतं, पण ते दिलं नाही. दगडू ठेवलं. त्या घराला पुन्हा तो धोका पत्करवेना. तीन मुलं गेल्यावर आलेल्या मुलाला चांगलं नाव ठेवायचं नाही, सटवाईची किंवा कुणाची तरी नजर त्याच्यावर जाते, असं तेव्हाच्या बायकांना पक्कं वाटे. म्हणून दगडू, धोंडू, केरू, भिकू. उकिरड्यावर नुसतं टेकवून उचललं की उकिर्डा. सुपात घालून शेजारणीला द्यायचं आणि मूठभर धान्य देऊन परत विकत घ्यायचं, की सुपडू. हे नाव खानदेशात आजही म्हाताऱ्यांमध्ये ऐकू येतं. मुलाचं नाक टोचून त्याला मुलगी भासवायचं, की नथू. हा दगड आहे, केर आहे, यात घेण्यासारखं काही नाही, तू पुढच्या घरी जा, असं मृत्यूला सांगायची ही युक्ती होती. ज्याला आपण गावठी नाव म्हणून हसतो ते कुणा तरी आईने घाबरून घातलेलं कुलूप असतं.

दगडू जगला. चार वर्षांचा झाला, अंगणात पळू लागला. मग १९१५ च्या मुलाला त्यांनी धीर करून पुन्हा रामा म्हटलं. तो तीन वर्षांचा होऊन १९१८ मध्ये गेला. आणि १९२० मध्ये जो झाला तो कोण? धोंडी. परत दगड.

तू विचारतेस, त्यांना काही वाटतच नव्हतं का. रामा, दगडू, रामा, धोंडी, ही चार नावं ओळीने वाच. तुझ्या पणजीला लिहिता येत नव्हतं. तिला काय वाटलं याची याहून स्पष्ट नोंद मी तरी कुठल्या दप्तरात पाहिलेली नाही.

म्हणून भावाला सांग, ‘दत्तात्रय’ छापायचं नाही. दत्तात्रय नाव सुरेखच आहे, पण ते त्या मुलाचं नव्हतं.

दुसरा तुझा आक्षेप, लगेच पुढचं मूल. यात निष्ठुरपणा शोधू नकोस. मूल अंगावर पीत असताना बाईला सहसा दिवस राहत नाहीत, किंवा उशिरा राहतात. तान्हं गेलं की दूध आटतं आणि महिन्या-दोन महिन्यांत पाळी परत येते. तुझ्याच कागदावर बघ: १९०५ चा मुलगा आठ दिवसांत गेला, १९०६ मध्ये मुलगी. रामा आठ महिन्यांचा गेला, वर्षभरात दगडू. पण दगडू जगला तेव्हा पुढची बहीण दोन वर्षांनी, आणि त्यानंतरही दोन-दोन वर्षांचं अंतर. घराण्याचा माग काढणाऱ्यांना याचा उलटाही उपयोग होतो. एरवी दोन वर्षांनी मुलं होणाऱ्या घरात मध्येच चार-पाच वर्षांची फट दिसली, तर तिथे नोंद न झालेलं एखादं मूल असण्याची शक्यता धरायची. कोतवाल तोंडी खबर देणार आणि ती पाटलाकडे लिहिली जाणार, अशी ती व्यवस्था. दोन दिवसांत गेलेलं पोर कितीदा तरी ना जन्माच्या पानावर येई ना मृत्यूच्या. १९१७ च्या मुलीनंतर एकदम १९२० चा धोंडी आहे, पण १९१८ ला त्या घरात काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. तिथे फट शोधायची गरज नाही.

आता पितृदोष. तुझ्या भावाला एक सोपं काम सांग. त्याच बुकात आपली पानं सोडून पुढची चार पानं त्या मोडीवाल्या काकांकडून वाचून घे म्हणावं. शेजारच्या घरांची. कुलकर्ण्यांची, माळ्यांची, महारवाड्याची, मोमिनांची. दोष असलाच तर तो सगळ्या तालुक्याला एकदमच लागलेला दिसेल. त्या दशकात हिंदुस्थानात जन्मलेल्या हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक पहिला वाढदिवस पाहत नव्हती, आणि जवळजवळ निम्मी पाच वर्षांची होत नव्हती. आज महाराष्ट्रात हजारातली पहिल्या वर्षात जाणारी मुलं सोळाच्या आसपास आहेत (२०२० चा सरकारी आकडा). १९११ ते २१ मधलं सरासरी आयुर्मान वीसच्या आसपास येतं, त्यावरून ‘तेव्हा माणसं विशीतच मरत’ असं लोक बिनधास्त सांगतात. ते चूक. पाळण्यातली मरणं सरासरीत धरल्यामुळे ती इतकी खाली येते. जो दगडू पाच वर्षांचा होई तो पुष्कळदा चाळिशी गाठी, आणि कुणी कुणी साठीही.

आणि पैसा, शिक्षण, पुण्याई यांनीही फारसं वाचत नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे आईवडिलांचं चौदावं अपत्य. पुढे त्यांच्या आणि रमाबाईंच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली, शेवटचा राजरत्न १९२६ मध्ये. तोवर बाबासाहेब कोलंबिया आणि लंडन करून आलेले होते. त्र्यंबकला बसून शांत नेमकं कुणाला करायचं आहे, हे भावाला विचार. आठ दिवसांच्या पोराला? त्याने कुणाचं काय वाकडं केलं होतं?

त्या आठ दिवसांच्या पोराबद्दल मात्र थांबून सांगते, कारण तुझा पाचवा महिना आहे.

नोंदीत त्याच्या मरणाचं कारण लिहिलेलं नाही, त्यामुळे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण जन्मानंतर चौथ्या-पाचव्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत तान्ही मुलं नेणारा मोठा रोग म्हणजे नवजात धनुर्वात. नाळ विळ्याने कापायची किंवा बांबूच्या कामटीने, वर राख नाही तर शेण लावायचं. जंतू मातीत आणि शेणात. पहिले दोन-तीन दिवस मूल छान पितं, मग त्याचा जबडा आवळतो, छातीला लावलं तरी तोंड उघडत नाही, अंग धनुष्यासारखं ताणतं. आपल्याकडे पाचवी पुजतात, सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणून दिवा विझू देत नाहीत, आणि नाव ठेवतात ते बाराव्या दिवशी. हे दिवस असे का ठरले ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला मात्र दरवेळी वाटतं की कोणते दिवस वाईट हे बायकांनी अचूक हेरलं होतं, फक्त विळ्यावर कुणाचा संशय गेला नाही. बाराव्या दिवसाआधी गेलेल्या मुलाला नावच नसे, म्हणून तुझ्या कागदावर नुसतं ‘मुलगा, दिवस ८’. कल्याणच्या आनंदीबाई जोशींचं पहिलं आणि एकुलतं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्यातूनच त्या अमेरिकेला जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या.

गरोदरपणात तुला दंडावर जे इंजेक्शन दिलं असेल, ज्याला सगळ्या अजून ‘टीटी’च म्हणतात, ते या आठव्या दिवसासाठी असतं. आईला दिलं की बाळ संरक्षण घेऊनच जन्माला येतं. नवजात धनुर्वात भारतातून जवळजवळ गेला, हे अधिकृतपणे जाहीर झालं २०१५ मध्ये. म्हणजे अगदी काल. तुझे डोस झाले आहेत का ते कार्डावर बघ, राहिला असेल तर या आठवड्यात घे.

घराण्यात काही आनुवंशिक असेल का, हीही भीती तुझ्या पत्रात लपलेली आहे. सहाही मुलं एकाच वयात, एकाच तऱ्हेने गेली असती, किंवा फक्त मुलगेच रक्तस्राव होऊन गेले असते, तर मीच तुला डॉक्टरकडे पाठवलं असतं. तुझ्या यादीत आठ दिवसांचं तान्हं, देवी, ताप, साथ, हगवण असं सगळं वेगवेगळं आहे. हे त्या काळाचं दुखणं होतं, रक्तातलं नव्हे. तरी मनात खुटखुट राहत असेल तर थॅलेसेमिया आणि सिकलसेलची रक्ततपासणी झाली आहे ना, एवढं तुझ्या डॉक्टरांना विचार. एरवीही ती करायलाच हवी.

‘ताप’ या शब्दावर मात्र विश्वास ठेवू नकोस. कोतवाल बुकात देवी, पटकी, हगवण आणि प्लेग ओळखू येत. उरलेलं सगळं ताप. हिवताप ताप, न्यूमोनिया ताप, गोवरही कधीकधी ताप. १९१० च्या रामाचा ताप कोणता होता ते आता कळणार नाही. १९१८ चा कळतो. ऑक्टोबर १९१८ म्हणजे इन्फ्लुएंझाची दुसरी लाट. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत त्या तापाने ७६८ माणसं गेली, आणि तिथून तो आगगाडीने आणि बैलगाडीने गावोगाव पोचला. त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, घरात दाणा नाही. देशभरात सव्वा कोट ते दोन कोट माणसं गेली असा अंदाज आहे. तुझ्या पणजीने रामाला मांडीवर घेतलं होतं की धाकट्या मुलीला, की ती स्वतःच तापाने पडून होती? कोतवाल चार दिवसांत दोनदा त्याच घराचं नाव घेऊन चावडीवर गेला, एवढंच कागद सांगतो.

देवीने गेलेल्या मुलीबद्दल थोडंच. मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली देवीची लस टोचली गेली १८०२ च्या जूनमध्ये. तुझ्या घरातली मुलगी गेली १९०८ मध्ये, पुण्या-मुंबईपासून दोन-तीन दिवसांच्या वाटेवर. लस होती, पण गावोगावी टोचणारा पोचेना, आणि पोचला तरी लोक पोरं लपवत. देवी आल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, औषध दिलं तर बाया कोपेल. १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण नाही. आत्याकडे जाशील तेव्हा तिचा दंड बघ, देवी काढल्याचे वाटोळे व्रण असतील. हातात कागद नसतानाही बोलणं सुरू करायला ते व्रण पुरेसे आहेत.

होय, आत्याला विचार. पण कसं विचारतेस याला महत्त्व आहे. ‘पणजीची किती मुलं मेली?’ असं नाही विचारायचं. ‘आजीला एकूण किती झाली गं?’ असं विचार. आपल्या जुन्या बायकांच्या बोलण्यात या प्रश्नाला ठरलेलं उत्तर आहे आणि त्यात नेहमी दोन आकडे असतात. माझी आजोळची आजी अनोळखी बाईलाही सांगायची, ‘नऊ झाली, चार राहिली.’ नुसतं ‘चार मुलं’ असं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. लहानपणी मला ते पाढ्यासारखं वाटे. पुढे आमच्या गावचं बुक वाचताना मला तिची आठच सापडली, नववं कुठल्याच पानावर नव्हतं. ते फक्त तिच्या बोलण्यात होतं. तुझी आत्या ‘आठ झाली’ म्हणते की ‘नऊ’, ते कान देऊन ऐक.

ती गप्प बसली तर विषय सोड, पुढच्या खेपेला तीच काढेल. १९४१ च्या आसपास जन्मलेली मुलगी आजीच्या कुशीत झोपत असणार, आणि अशा बायका रात्री काय काय बोलतात ते नातींनाच माहीत असतं. जखम उकरण्याची काळजी करू नकोस. ज्या घरात कुणी विचारलंच नाही त्या घरातल्या म्हाताऱ्यांना कुणी तरी विचारल्याचं बरंच वाटतं, असा माझा अनुभव आहे. रेकॉर्डिंग करायचं तर आधी सांगून कर. फोन पदराआड ठेवून नको.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. कागदाने बाळाला काही होत नाही, हे तुला माहीत आहे आणि बहुधा त्यांनाही. पण तुझी झोप उडाली आहे, हे तूच लिहिलंस. तेव्हा ती पानं बाळंतपण होईपर्यंत भावाच्या कपाटात राहू देत, त्यात हार-जीत काही नाही. शंभर वर्षं थांबलेली पोरं आणखी चार महिने थांबतील. जमलं तर एखाद्या दुपारी सासूबाईंनाही त्यांच्या आईचं विचार, ‘किती झाली, किती राहिली.’ त्यांची भीती कुठून आली ते त्यातच कळेल कदाचित.

वंशावळ. आठही जण घ्या. मी या बाबतीत हट्टी आहे. जुन्या पद्धतीत ही मुलं कुठेच येत नाहीत. तान्ह्याला अग्नी नाही, पुरायचं; त्याचं श्राद्ध नाही, पिंड नाही. त्यामुळे नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्यांत शोधलंत तरी रामा सापडणार नाही. बऱ्याच कुलवृत्तांतांत असतो तो ‘दोन अपत्ये बालपणी वारली’ एवढा अर्ध्या ओळीचा उल्लेख, तोही निम्म्या वेळा मुलींना वगळून. लहान पोरांचा एकमेव कागद म्हणजे हे कोतवाल बुक, आणि ते तुम्हाला सापडलं ते दाखल्याच्या धावपळीत, दुसरंच काही शोधताना. भाऊ म्हणेल, फ्रेममध्ये जागा नाही. मग फ्रेम मोठी करा.

पहिल्याला नवीन नाव देऊ नका, लोक हौसेने देतात. ‘मुलगा, १९०५, दिवस ८’ असंच लिहा. दोन्ही रामा वेगळे, सालांसकट, नाही तर तुझ्यानंतर कुणी तरी पुन्हा ती चूक समजून एक रामा खोडून टाकेल. धोंडी धोंडीच. दोन्ही मुली, नावं मिळाली तर नावांनी, नाही तर सालांनी.

आणि एक राहिलंच. तुझ्या अख्ख्या पत्रात आणि सोबतच्या पानांत पणजोबांचं नाव आहे, आजोबांचं आहे, पोरांची आहेत. जिला ही आठ झाली तिचं नाव तू एकदाही लिहिलेलं नाहीस. बुकात ते नसणारच, तिथे मूल बापाच्या नावावर लागतं. आत्याला ठाऊक असेल, आणि दोन नावं असतील, माहेरचं वेगळं आणि लग्नात बदललेलं वेगळं. दोन्ही विचार. आत्याला आता नीट ऐकू येतं का? येत नसेल तर जेवणं झाल्यावर, घरात टीव्ही बंद असताना, तिच्या अगदी जवळ बसून विचार.

— तुझी ताई